चौथा का

"सही झाली की दार वाजवा," असं म्हणून दवाखान्याचे प्रमुख डॉ. शिरगावकर यांनी बाहेरून कडी घातली.

कडी घालण्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता, हे आधीच सांगते. रक्तपेढीच्या त्या खोलीचं दार नीट बसत नसे, फट राहिली की थंडावा बाहेर जाई, म्हणून ती कडी रोजच लागायची. पण त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला तिचा आवाज झाला आणि मी दाराकडे वळून पाहिलं. आत रक्ताच्या पिशव्यांची तीन मोठी फ्रीजं घरघरत होती. एक कॉम्प्युटर, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि खिडकी नाही. एका खुर्चीत मी. समोर आवटीबाई, तिथल्या तंत्रज्ञ, वय चौपन्न, नोकरी सव्वीस वर्षं. माझ्या हातात एक अहवाल होता. त्यावर त्यांची सही घेऊन चार वाजायच्या आत तो पुण्याला पाठवायचा होता. त्या सहीनं त्यांची नोकरी जाणार होती. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

आमची कंपनी बावीस जणांची. एकतीस रक्तपेढ्या आणि जिल्ह्याची मोठी लॅब यांना जोडणारं सॉफ्टवेअर आम्ही केलं होतं आणि त्याचा गाभा मी लिहिला होता. प्रत्येक ठिकाणी आपला आपला कॉम्प्युटर. इंटरनेट असेल तर सगळे एकमेकांशी बोलणार, नसेल तर आपल्यापुरती नोंद करून ठेवणार आणि लाइन आली की इतरांना कळवणार. आता एकाच पिशवीबद्दल दोन ठिकाणांहून दोन वेगळ्या नोंदी आल्या तर? तर ज्या नोंदीची वेळ नंतरची, ती खरी धरायची. हा नियम माझा. तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटायचा.

झालं होतं ते असं. रविवारी गावात रक्तदान शिबिर झालं. आवटीबाईंनी आपली प्राथमिक तपासणी केली, पण वीज नव्हती म्हणून नोंदी सोमवारी सकाळी घातल्या. त्यात ४४१७ नंबरच्या पिशवीला त्यांनी 'योग्य' म्हटलं. त्याच पिशवीचा नमुना जिल्ह्याच्या लॅबकडे गेला होता. तिथल्या बारीक तपासणीत काविळीचा विषाणू निघाला आणि लॅबनं पिशवी नापास केली. तरीही दुपारी सगळ्यांच्या स्क्रीनवर ४४१७ 'योग्य'च दिसत राहिली. ती एका बाळंतिणीला लावायला काढली. तिथल्या नर्सनं सवयीनं लॅबचा छापील कागद उलटून पाहिला, म्हणून अनर्थ टळला. बाई सुखरूप, बाळ सुखरूप. पण शुक्रवारी सरकारी तपासनीस येणार होते आणि त्यांना मूळ कारण हवं होतं.

आमच्याकडे नोंदींची जंत्री होती. लॅबची नोंद, अकरा वाजून सहा मिनिटं: नापास. आवटीबाईंची नोंद, अकरा वाजून बारा मिनिटं: योग्य. म्हणजे लॅबनं नापास केल्यावर सहा मिनिटांनी या बाईंनी पिशवी पुन्हा पास केली. याहून स्वच्छ पुरावा तो कुठला? माझे साहेब, टिपणीस सर, जंत्री पाहून म्हणाले होते, "मानवी चूक. केतकी, तू स्वतः जा. सही घेऊन ये."

"वाचलात का अहवाल?" मी आवटीबाईंना विचारलं.

"वाचला. खोटा हाय."

"बाई, यात मी माझं काही घातलेलं नाही. कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या वेळा आहेत."

"असतील. पर मी नोंद केली तवा लॅबचं काय आलंच नव्हतं. मी कशाला नापास पिशवी पास करू? मला काय येड लागलंय?"

"लक्ष नसेल. घाई असेल."

"सव्वीस वर्षं घाई हाय इथं, मॅडम. अशी पिशवी कधी गेली न्हाई."

त्यांचा आवाज चढला नव्हता. हात मात्र मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते. मला त्यांचा राग येत होता, खरं सांगते. गुन्हा कबूल न करणाऱ्या माणसाचा येतो तसा. शिवाय त्या खोलीत थंडी वाजत होती आणि मी शाल आणली नव्हती.

"तुम्ही नेमकी किती वाजता नोंद केलीत?" मी विचारलं.

"राष्ट्रगीत झाल्याबरोबर."

"काय?"

"ही भिंत शाळेची हाय न्हवं. शाळा अकराला भरती. राष्ट्रगीत लागलं की मी हातातलं टाकून उभी ऱ्हाती. सोमवारी त्या पिशवीवरच होते. बटण दाबणार, तेवढ्यात लागलं. उभी ऱ्हायले. संपल्यावर बसले आणि दाबलं. असं रोज न्हाई व्हत, म्हणून ध्यानात हाय."

"मग शाळा त्या दिवशी उशिरा भरली असेल."

"भरली असंल," त्या म्हणाल्या. पण मान हलवली ती नकाराची.

आमच्या कंपनीत मूळ कारण शोधायची एक पद्धत होती. तिला आम्ही 'पाच का' म्हणायचो. फॉर्मवर पाच ओळी असत आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'का?' छापलेलं असे. बिघाड का झाला? त्याचं उत्तर लिहायचं. मग ते तसं का झालं? असं पाच वेळा खणत गेलं की खाली पाणी लागतंच, असं टिपणीस सर नव्या मुलांना सांगायचे. मी आणलेल्या अहवालात पाचही ओळी भरलेल्या होत्या आणि पाचही आवटीबाईंच्या अंगावर येत होत्या. लक्ष नव्हतं. का? घाई होती. का? प्रशिक्षण कमी. वाचताना आता लाज वाटते.

"असं करू या," मी म्हटलं, "तुमचं म्हणणं मी खाली जोडते. पण सही—"

भिंतीपलीकडून भोंग्याची खरखर झाली आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

आवटीबाई उठल्या. मीही उठले. त्या घरघरत्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर ताठ उभ्या राहिलो, मध्ये टेबलावर तो अहवाल. हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि दुसरीकडे कुठे पाहावं हे न कळून मी त्याच्याकडे बघत राहिले. अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती. शाळा खरोखरच उशिरा भरते तर, असं वाटलं आणि जरा बरं वाटलं. राष्ट्रगीत संपलं. घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली. मी बसले आणि सवयीनं मोबाइल पाहिला.

अकरा वाजून दोन मिनिटं.

"बाई, हे घड्याळ पुढे आहे?"

"सगळीच पुढं हाईत की. दहा मिनटं. शिरगावकर साहेबांची शिस्त. ऑपरेशनच्या खोलीतलं, ओपीडीतलं, सगळी. माणसं वेळेवर येत्यात म्हणून."

"आणि कॉम्प्युटर?"

"तोबी. साहेब म्हणाले, एकच कशाला मागं?"

मी त्यांना बाजूला करून कॉम्प्युटरपाशी गेले. कोपऱ्यात लिहिलं होतं, ११:१२.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. चार दिवस डोकं फोडून न सापडलेली गोष्ट अशी अचानक हाती लागली की माणूस नाचायचाच बाकी राहतो. आवटीबाईंनी नोंद केली ती खऱ्या अकरा-दोनला. कॉम्प्युटरनं तिच्यावर शिक्का मारला अकरा-बाराचा. लॅबनं नापास केलं अकरा-सहाला, म्हणजे खरं तर नंतर. पण माझ्या नियमाला दिसत होते फक्त शिक्के. त्याला वाटलं, आवटीबाई शेवटी बोलल्या, म्हणून त्यांचं खरं. कॉम्प्युटर बसवल्यापासून तीन वर्षं काही बिघडलं नाही, कारण लॅबचा निकाल एरवी तासा-दोन तासांनी यायचा आणि दहा मिनिटं त्यात खपून जायची. त्या सोमवारी दोन नोंदींमध्ये चारच मिनिटं होती.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजे मी न्हाई केलं."

"नाही बाई. तुम्ही काहीच चुकीचं केलं नाही."

"घरात मालकबी म्हणत हुते, तूच इसरली असशील. मलाबी रातीला वाटायचं, खरंच आपल्या हातनं झालं काय? त्या बाळंतिणीचं काय झालं असतं..."

मी टिपणीस सरांना फोन लावला. ऐकून घेऊन ते म्हणाले, "फर्स्ट क्लास! म्हणजे आपलं सॉफ्टवेअर निर्दोष."

"सर, तसं नाही. घड्याळावर विश्वास ठेवायचा हा नियमच—"

"नियम ठीक आहे. घड्याळ चुकीचं आहे आणि घड्याळ त्यांचं आहे. नियम तू पुढच्या आठवड्यात गुपचूप सुधार. अहवालात तीन ओळी भर. पिशवी योग्य का दिसली? नोंदीची वेळ नंतरची होती. ती का? घड्याळ पुढे होतं. ते का? केंद्रावर घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलेलं होतं. बास."

"आणि चौथा का? ते कॉम्प्युटरवर पुढे कुणी केलं?"

"ते त्यांचं घरचं भांडण. बावीस माणसं आहेत इथे, केतकी. आपलं नाव त्या कागदावर येता कामा नये. आलं ना, तर एकतीसच्या एकतीस पेढ्या जातील."

फोन ठेवून मी कॉम्प्युटरच्या घड्याळाचं पान उघडलं. फोटो काढून जोडायचा होता. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवून घेण्यासाठी तिथे एका चौकोनात बरोबरची खूण असते. ती काढून टाकलेली होती. घड्याळ पुढे करून भागत नाही, लाइन आली की ते पुन्हा मूळ वेळेवर येतं. ही खूण काढायची हे माहीत असणारा माणूस हवा.

त्या रिकाम्या चौकोनाकडे बघता बघता मला पोह्यांची बशी आठवली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही हे कॉम्प्युटर बसवत फिरत होतो. चाळीस दिवसांत एकतीस गावं, काही माझ्याकडे, काही माझ्या एका सहकाऱ्याकडे. दिवसाला एक खोली, तीच फ्रीजं, तेच टेबल. कुठलं गाव कुणी केलं हे महिन्याभरात विसरून गेलो होतो. पण एका ठिकाणी पांढऱ्या केसांचे एक डॉक्टर दारात उभे राहून म्हणाले होते, "आमच्याकडे सगळं दहा मिनिटं पुढे चालतं, हे यंत्रच कसं मागे?" आणि मी हसून म्हटलं होतं, "दोन मिनिटांचं काम आहे, सर." टेबलावर कुणीतरी पोहे आणून ठेवले होते. मी एका हातानं पोहे खात दुसऱ्या हातानं ती खूण काढली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. नियम माझा, घड्याळही मीच पुढे केलेलं, आणि चार दिवस मी गुन्हेगार शोधत होते.

आवटीबाई डोळे पुसून माझ्याकडेच बघत होत्या. सांगावं असं मनात आलं, जीभसुद्धा हलली असेल. तेवढ्यात कडी वाजली.

डॉ. शिरगावकर आत आले. "झाली का सही?"

"सर, आवटीबाईंची चूक नाही," मी घाईघाईनं म्हटलं आणि घड्याळाचं सगळं सांगितलं. ते उभ्यानंच ऐकत होते. माणूस सज्जन होता. गावात दवाखाना नव्हता तेव्हा यांनी काढला, स्वतःचं घर त्यात घातलं. ऐकता ऐकता त्यांनी एकदा भिंतीवर पाहिलं, एकदा स्वतःच्या मनगटावर.

"म्हणजे कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे होतं, हे कारण."

"हो."

"ते पुढे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता त्यांनी आवटीबाईंना विचारलं.

आवटीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मला ती नजर संपेना. मी खाली फॉर्मकडे बघत राहिले.

"तीन वर्सं झाली, साहेब," त्या म्हणाल्या. "ध्यानात न्हाई."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. त्यांनाही आठवलं असणार, असं मला तेव्हाच वाटलं. आपलं वाक्य आपल्याला आठवतंच. पण उद्या तपासनीस येणार होते आणि त्यांच्या दवाखान्याचं नाव पणाला लागलं होतं. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

"ठीक आहे. लिहा तसं," म्हणून ते गेले. या वेळी कडी लावायचं ते विसरले. दार अर्ध्यावर उघडं राहिलं, बाहेरून ओपीडीतली गडबड ऐकू येत होती. उठून चार पावलं जाऊन, 'सर, मी केलं होतं', एवढंच म्हणायचं होतं. मी खुर्चीतून हलले नाही. आत फ्रीजं जोरात घरघरायला लागली, तेव्हा आवटीबाईंनी उठून दार लोटलं.

मी नवा फॉर्म भरला. तीन ओळी लिहिल्या. चौथ्या 'का'पुढे पेन टेकवलं, जरा थांबले आणि रेघ मारली. पाचव्यापुढेही मारली. खाली 'मूळ कारण' या चौकटीत लिहिलं: केंद्रावरील संगणकाचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असणे. शब्द न् शब्द खरा होता. कुणाचंही नाव नव्हतं. बाई सुटल्या, कंपनी सुटली, डॉक्टर सुटले, मीही सुटले, असं मी मनाशी म्हटलं आणि फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली. साडेबाराला अहवाल पुण्याला गेला. जेवून जा, म्हणत होत्या. मी गाडीचं निमित्त सांगून निघाले.

पुढच्या आठवड्यात मी नियम बदलला. केंद्रांच्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही, लॅबचा निकाल कुठल्याही वेळी आला तरी तोच शेवटचा. अर्ध्या दिवसाचं काम होतं. सुरुवातीलाच करता आलं असतं.

तीन आठवड्यांनी टिपणीस सरांनी मला एक पत्र दाखवलं. दवाखान्याच्या ट्रस्टकडून आलेली प्रत. तपासनिसांनी विचारलं होतं, घड्याळ पुढे होतं तर त्याची जबाबदारी कुणाची? आणि कागदावर नाव नसलं की जबाबदारी उतारानं खाली जाते, ती सगळ्यात खालच्या माणसापाशी जाऊन थांबते. खोलीतल्या यंत्रांची देखभाल तंत्रज्ञाकडे, असा तिथला नियम होता. 'संगणकाच्या देखभालीतील हलगर्जीपणामुळे' श्रीमती कमल आवटी यांना सेवेतून कमी करण्यात आलं होतं. सोबत पुरावा म्हणून माझा अहवाल जोडलेला होता, खाली त्यांच्या सहीसकट.

"आपण कुठे त्यांचं नाव लिहिलं होतं?" टिपणीस सर म्हणाले. "आपण लिहिलं ते खरंच होतं."

"हो सर," मी म्हटलं.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. कामावर जात होते, चुका शोधत होते. नवी मुलं कौतुकानं म्हणायची, ताईंच्या नजरेतून काही सुटत नाही. रोज वाटायचं, आज फोन करू. रोज काहीतरी निघायचं. सांगितलं तर नोकरी जाईल, न सांगितलं तर झोप जाईल, अशा कात्रीत मी आठ महिने काढले. मग एका रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, नंबर लावला.

"आवटीबाई, मी केतकी बेंद्रे. पुण्याहून."

"बोला की मॅडम. बऱ्या हायसा न्हवं?"

त्यांच्या आवाजात काही राग नव्हता, त्यानंच मला रडू यायला लागलं. म्हटलं, आता थांबले तर पुन्हा जमायचं नाही.

"बाई, ते घड्याळ मी पुढे केलं होतं. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बसवायला मीच आले होते. त्या दिवशी मला आठवलं आणि मी बोलले नाही. मी आता लिहून देते. तपासनिसांना, ट्रस्टला, सगळ्यांना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं.

"आता नगं," त्या म्हणाल्या. "साहेब गेले मागल्या महिन्यात. झटका आला. गेलेल्या माणसाचं नाव कशाला निघू दे? आणि मी लेकीकडं हाय आता, नातू सांभाळती. तिकडं कोण परत घेतंय मला?"

"पण तुम्ही साहेबांना म्हणालात, ध्यानात नाही—"

"ध्यानात व्हतं की. दारातनं आत आलासा तवाच वळखलं तुम्हाला. पोहे मीच केलते त्या दिवशी. साहेबांनी इचारलं आणि तुमचं तोंड पांढरंफटक पडलं. म्हटलं, पोरगी हाय, चारचौघांत कशाला? लिहील की आपल्या हातानं. कागद तर तुमच्याच हातात व्हता."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"म्हणून तर न वाचता सही केली मी," आवटीबाई म्हणाल्या.